पहिलं ऑइल

माझ्या सासऱ्यांना अख्खी गल्ली सावकाशराव म्हणायची. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांनी पाठ फिरवली की हटकून. त्यांना त्याचा रागही नव्हता. उलट फोनवर समोरच्याला ओळख पटली नाही, की तेच शेवटी वैतागून म्हणायचे, "अहो, सावकाशराव बोलतोय." मग लगेच ओळख पटायची.

उभा जन्म त्यांनी गॅरेजात काढला. गुडघे बोलायला लागले तेव्हा गॅरेज सोडलं आणि एक असं काम सुरू केलं, की मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते कोणाला समजावून सांगायचीही लाज वाटायची. लोकांच्या नव्याकोऱ्या गाड्या ते चालवून द्यायचे. म्हणजे पहिले हजार किलोमीटर गाडी यांच्या ताब्यात. त्यानंतर पहिलं ऑइल स्वतःच्या हाताने बदलून ते मालकाला किल्ली परत करायचे. "नवी गाडी पळवायची नसते, मुरवायची असते," हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. लोकही खुळे! गाडीसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवायचे, शोरूममध्ये जाऊन किल्ली घ्यायची, फोटो काढायचे आणि तशीच ती आणून आमच्या दारात सोडायची.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं असं, की कारखान्यातून आलेल्या इंजिनातले भाग एकमेकांना अनोळखी असतात. पिस्टनच्या रिंगा आणि ज्या नळकांड्यात त्या वरखाली होतात त्याची भिंत, दोन्ही खरखरीत. पहिल्या दिवसांत ते एकमेकांना घासतात आणि आपापली जागा करून घेतात. "लग्नानंतरचे पहिले महिने असतात ना, तसंच," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि आत माझ्या सासूबाई भांडं जरा जास्तच जोरात ठेवत. या दिवसांत गाडी एकाच वेगात लांबवर न्यायची नाही. थंड इंजिन रेटायचं नाही, आणि उभी गाडी उगाच घुरघुरत ठेवायचीही नाही. चढावर वरच्या गिअरात तिला कण्हायला लावायचं नाही. सकाळी सपाट जागेवर, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं ऑइल पट्टी ओढून बघायचं. गरम गाडीच्या कूलंटच्या झाकणाला हात लावायचा नाही. ब्रेक ऑइलचा उघडलेला डबा घरात ठेवायचा नाही, कारण ते हवेतलं पाणी पितं. समोरच्या छापखानेवाल्याने असा अर्धा डबा जपून ठेवला होता, तर बाबांनी त्याच्याच अंगणात उभं राहून त्याला असं झापलं, की बिचारा पुढे कितीतरी दिवस आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचा.

आणि ते पहिलं ऑइल. घासून निघालेल्या लोखंडाची बारीक चमक त्यात उतरते. ते वेळेवर काढलं नाही, तर तीच चमक आतून इंजिनाला खात राहते. यात बाबा सख्ख्या भावाचंही ऐकत नसत.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. मला यातलं काय कळणार? पण जेवताना रोज हाच विषय, त्यामुळे लग्नानंतर वर्षभरात मीही डोळे झाकून ऑइलची पट्टी ओढायला लागले. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. मी म्हणायचे, "बाबा, तुम्ही मला मुरवताय." ते म्हणायचे, "तुझं अवघड आहे. तू मुळातच गरम."

माझा नवरा मात्र त्यांच्या अगदी उलट निघाला. बाप सावकाश, तर लेक सुसाट. दुसरा गिअर ओरडून ओरडून थकेपर्यंत तो तिसरा टाकायचाच नाही. फाटकापर्यंत वेगात यायचा, अगदी शेवटी ब्रेक दाबायचा, आणि गाडी बंद करण्याआधी एकदा उगाचच रेस द्यायचा. घुम्म. मग शांत. "ही कसली खोड?" असं मी विचारलं तर म्हणाला, "आल्याची वर्दी." दुसऱ्याच्या गाडीवर, ऑफिसच्या गाडीवर, कुठेही त्याचं हेच. बाबा त्याला जडपाया म्हणायचे.

या जडपायाने एके दिवशी स्वतःची नवी गाडी आणली. जन्मभर लोकांच्या गाड्या मुरवणाऱ्या माणसाच्या दारात पहिल्यांदाच घरची नवी गाडी उभी राहिली. बाबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेटवर हात ठेवला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. नवऱ्याने किल्ली खिशात घातली.

"मीच चालवणार."

"हजार होईपर्यंत नाही."

"बाबा, मी गाडी आणलीय, पाळणा नाही."

आणि मग घरात जी जुंपली! रोज संध्याकाळी तो फाटकातून घुम्म करत आत यायचा आणि बाबा ओट्यावरून ओरडायचे, "तुझ्या पायात दगड भरलेत का रे? मारून टाकशील तिला." तो हसायचा. मी त्याच्या बाजूची. मी शेजारच्या सीटवर बसून त्याला अजून चिथवायचे. गिअरवर असलेल्या त्याच्या हातावर माझा हात असायचा. खरं सांगते, त्या गाडीत बसले की मी घर, दुकान, सगळ्यातून सुटल्यासारखी व्हायचे.

हजार पूर्ण झाले तेव्हा मात्र त्याने बाबांचं ऐकलं. "ऑइल तुम्हीच बदला," म्हणाला, गाडी ठेवून गेला आणि कामावर बसने पोचला. बाबांनी सकाळी गाडी जॅकवर चढवली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, फिल्टर आणि नव्या ऑइलचा डबा बाजूला मांडून ठेवला. नट ढिला करायला ते खाली वाकणार, तेवढ्यात फोन आला. माझा नवरा खुर्चीतून उठला होता आणि उठता उठताच खाली पडला होता. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्याला कसलाही आजार नव्हता. कोणाची चूक नव्हती, गाडीचा काही संबंध नव्हता. चिडायला कोणीतरी लागतं ना माणसाला? मला तेही मिळालं नाही.

गाडी कितीतरी दिवस घोड्यांवर तशीच होती. चाकं जमिनीपासून वर. मी खिडकीचा पडदा लावून घेतला होता. पुढे कधीतरी बाबांनी ती खाली उतरवली. मला वाटलं, ऑइल बदललं असेल. कोणी विचारलं नाही. लोक नव्या गाड्या घेऊन यायचे, त्यांना बाबा दारातूनच परत पाठवायचे. "आता नाही होत," एवढंच.

सासूबाईंनी तर तोंडाला कुलूपच लावलं. त्या रडल्याही नाहीत फारशा. स्वयंपाक, कपडे, झाडलोट, सगळं पहिल्यासारखं. मला त्यांचा संताप यायचा. मी रात्रंदिवस उशी भिजवतेय आणि या भाजी निवडतायत! काळीज दगडाचं आहे, असं मी मनात म्हणायचे. एकदा माझ्या बहिणीला फोनवर म्हटलंसुद्धा.

मग ती संध्याकाळ आली. मी दुकानातून येऊन स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होते. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. दुसरा गिअर ओरडला. ओरडत राहिला. मग तिसरा पडला. माझ्या हातातला पेला तसाच राहिला. गाडी वेगात फाटकापर्यंत आली, अगदी शेवटी ब्रेक लागला. क्षणभर काही नाही. मग घुम्म. मग शांत.

मी धावले. काय विचार करत होते ते सांगता येणार नाही, कारण विचार नव्हताच. पाय धावले. चप्पल नाही, पदर कुठे, काही भान नाही. आला! एवढंच डोक्यात. मी फाटकापाशी पोचले आणि गाडीचं दार उघडलं. त्यातून आधी एक हात बाहेर आला, दाराला धरून, मग दुखरा गुडघा, मग बाबा.

मी त्यांच्या अंगावर ओरडले. सासऱ्यांशी कसं बोलावं, बोलू नये, सगळं गेलं खड्ड्यात. "असं कसं करू शकता तुम्ही? माझा जीव गेला असता इथे! लाज नाही वाटली?" बाबा दाराला धरून उभे होते. घामाने भिजले होते. जन्मात कधी तिसऱ्या गिअरला इतका वेळ न लावलेला माणूस. ते म्हणाले, "अगं, तुला ऐकू आलं ना? मग बरोबर जमलं."

मला वाटलं, यांना वेड लागलं. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते ऐकून माझी खात्रीच पटली. ते म्हणाले, इंजिनाला पहिला पाय कळतो. सुरुवातीच्या दिवसांत पेडलवर ज्याचा पाय असतो, त्याच्या पद्धतीने रिंगा बसतात, त्याच्या पद्धतीने भिंती घासतात. याचा जड पाय तिच्यात बसला. मी मेला जन्मभर लोकांच्या गाड्यांत माझा पाय बसवून दिला आणि स्वतःच्या लेकाला तेवढ्यासाठी रोज शिव्या दिल्या. आता तो पाय या गाडीत आहे. दुसऱ्या कोणी दुसऱ्या पद्धतीने चालवली, तर हळूहळू पुसला जाईल. म्हणून त्याच्यासारखीच चालवायची. रोज.

"आणि ऑइल?" मी विचारलं.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्यात त्याने घासलेलं लोखंड आहे. मी नाही काढणार."

मी उठून आत गेले. असल्या वेडेपणात मी पडणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून जरा लवकर निघाले.

काय सांगू? मला त्या आवाजाची चटक लागली. मी स्वयंपाकघरात जायचे, पाण्याचा पेला भरायचे आणि उभी राहायचे. गाडी वळण्याआधीच माझे कान टवकारलेले असायचे. दुसरा गिअर ओरडला, की तिसरा पडेपर्यंत मी श्वास रोखायचे. फाटकापाशी ती शेवटची घुम्म झाली, की तेवढ्या एका क्षणात तो असायचा. खरंच असायचा. गाडीचं दार उघडण्याचा आवाज यायच्या आत मी कानांवर हात ठेवायचे, कारण दार मात्र बाबा हळूच उघडायचे.

बाबांच्या चुका मीच काढायला लागले. "आज ब्रेक लवकर लागला, बाबा." "तिसरा घाईने टाकलात." ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचे. आम्ही दोघं शहाणी माणसं संध्याकाळभर एका मेलेल्या माणसाची तालीम करत होतो. गल्लीत कुजबुज सुरू झाली. सावकाशरावांना म्हातारपणी शिंगं फुटली, असं लोक म्हणायचे. छापखानेवाला एकदा समजावायला आला, तर मी त्याला दारातूनच असा वाटेला लावला, की तो पुन्हा फिरकला नाही.

सासूबाईंचं एकच. गाडी यायची वेळ झाली, की त्या हातातलं काम टाकून मागच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. गाडी बंद झाल्यावर बऱ्याच वेळाने बाहेर यायच्या. मला वाटायचं, या बाईला लेकाचा आवाजसुद्धा सोसवत नाही.

असेच महिने गेले. मग आवाजात काहीतरी शिरलं. सकाळी गाडी सुरू केली की आतून टकटक यायची, कोणी नखाने पत्र्यावर टिचक्या मारल्यासारखी. पहिल्यांदा थोडा वेळ, मग जास्त वेळ. एका सकाळी बाबा अंघोळीला गेले होते, तेव्हा मी बोनेट उघडलं. पट्टी ओढली, पुसली, पुन्हा आत घालून काढली. नुसतं टोक भिजलं होतं. खालच्या खुणेच्याही खाली. आणि जे होतं ते डांबरासारखं काळं. गाडी ऑइल पीत होती आणि वर कोणी घालत नव्हतं. पट्टी हातात धरून मी तिथेच उभी राहिले. छापखानेवाल्याला अर्ध्या डब्यासाठी फाडून खाणारा माणूस! त्याने कितीतरी महिन्यांत ही पट्टी एकदाही ओढलेली नव्हती.

बाबा बाहेर आले तेव्हा पट्टी माझ्या हातातच होती.

"हे तुम्हाला माहीत आहे?"

"ठेव ती आत."

"बाबा, इंजिन जाम होईल. एकदा जाम झालं की संपलं. मग हा आवाजही गेला. निदान वरून लिटरभर तरी घाला."

"वरून घातलं की मिसळलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मला सगळं माहीत आहे गं," ते म्हणाले. "म्हणून तर काढून बघत नाही."

मी भांडायला हवं होतं. जगाशी भांडते, इथे का नाही भांडले? कारण मलाही तेच हवं होतं. नवं ऑइल घातलं, गाडी शहाण्यासारखी चालवायला घेतली, तर ती वाचेल आणि तो जाईल. तशीच चालवली, तर दोघंही जातील, पण आज नाही. मी पट्टी आत घातली आणि बोनेट लावलं. मग म्हणाले, "आज मीही येते तुमच्यासोबत. आतून ऐकायचंय."

संध्याकाळी मी माझ्या सीटवर बसले. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. गाव संपलं की एक सरळ रस्ता आहे, दोन्हीकडे कुंपणं आणि गोदामं. तिथे तो नेहमी गाडी मोकाट सोडायचा. बाबांनीही सोडली. मी डोळे मिटले. सीटच्या पाठीचा दाब तोच, दुसऱ्या गिअरची किंकाळी तीच, तिसरा पडताना बसणारा झटका तोच. खिडकीतून वारा येत होता. टकटक ऐकू येत होती, पण मी ती ऐकायची नाही असं ठरवलं होतं. आणि मग माझं सगळं दुःख निघून गेलं. मी अगदी सुखात होते. मला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी डोळे न उघडता हात पुढे केला आणि नेहमीसारखा गिअरवरच्या त्याच्या हातावर ठेवला.

सुरकुतलेली, सैल कातडी. थंड. बोटांची हाडं वर आलेली.

मी हात मागे घेतला नाही. घेताच आला नाही. डोळे उघडले तर बाबा समोर बघत होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला माझीच भीती वाटली. त्यांना कळलं होतं मी कोणाचा हात धरलाय ते. गाडी पळतच होती. त्यांचा पाय पेडलवरून उठत नव्हता. तेवढ्यात समोरच्या काचेखाली ऑइलचा तांबडा दिवा लागला. लुकलुकला आणि मग लुकलुकायचा थांबला. लागूनच राहिला.

"बाबा, बास," मी म्हणाले. "बास करा."

त्यांनी पाय उचलला. गिअर सुटा केला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. गाडी तशीच घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. घुम्म नाही, काही नाही. आम्ही दोघं समोर बघत बसलो. गोदामाचा एक टेम्पोवाला उलट्या दिशेने येत होता. त्याने विचारलं, "काय सावकाशराव, पळवून पळवून दमली का?" कोणी हसलं नाही तेव्हा त्याने गुपचूप दोर काढला.

घरापर्यंत त्याने आम्हाला ओढत आणलं. पुढे दोर ताणलेला, आम्ही मागे बिनआवाजाचे. घर आलं तरी बाबा उतरेनात. मग ते बोनेटवर तळवा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "गरम आहे अजून. गरम असतानाच काढायचं असतं. सगळी घाण सोबत येते."

त्यांनी घोड्या लावल्या, पण खाली वाकले तर पान्हा नटावर बसेना. मी त्यांच्या हातातून पान्हा घेतला, अंगणात पुठ्ठा पसरला आणि दुकानातल्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरले. ते स्टुलावर बसून सांगत होते. "उलटा फिरव. जोर लाव, मग सावकाश. शेवटचे आटे हाताने. हात बाजूला घे हं, भाजेल." नट सुटला आणि ऑइल आलं. मला वाटलं होतं धो धो येईल. काळी, पातळ धार. तीही लवकरच थेंबांवर आली. एवढंसंच उरलं होतं. मी खाली पडल्या पडल्या रडत होते आणि थेंब मोजायचे नाहीत असं स्वतःला बजावत होते.

बाबांनी पसरट भांडं ओढून घेतलं. त्यात बोट बुडवलं, दिव्यापुढे धरलं. बोटावर बारीक चमचम होती. त्यांनी ती खूप वेळ पाहिली. मग खिशातून फडकं काढलं आणि बोट पुसलं. पुढचं सगळं ते भरभर सांगत गेले. नटाला नवं वायसर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर नवं ऑइल. हाताने घट्ट, पान्ह्याने नाही. नवं ऑइल मधाच्या रंगाचं होतं आणि ते आत जाताना आवाज होत नव्हता. पट्टी ओढून त्यांनी स्वतः पाहिली, दोनदा.

"सुरू कर," ते मला म्हणाले. "पेडलला हात लावू नकोस. आपलं, पाय लावू नकोस."

मी किल्ली फिरवली. तांबडा दिवा लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. तो गेला. टकटक थोडा वेळ राहिली आणि तीही गेली. इंजिन वाचलं होतं. ते मऊ, एकसारखं चालत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही गाडीचं चालतं तसं. बाबा शेजारच्या सीटवर येऊन बसले, डोकं पुढे घालून ऐकत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नव्हता तो त्यात. मी किल्ली मागे फिरवली.

अंगण एकदम शांत झालं. बाबा म्हणाले, "तो घरात आला की हाक कशी मारायचा गं?"

"कोणाला?"

"कोणालाही. बोलायचा कसा? म्हणजे आवाज. आवाज कसा होता त्याचा?"

मी तोंड उघडलं. मला काय, लगेच सांगता येईल असं वाटलं. माझा नवरा होता तो. माझ्याच कानाशी बोलायचा. मी आठवायला गेले आणि दुसरा गिअर ओरडला. पुन्हा आठवलं, तर ब्रेक. मग ती घुम्म. त्याचे शब्द आठवत होते, एकूण एक, पण ते कोणीतरी छापून ठेवल्यासारखे. त्यांत आवाज नव्हता. महिनोन्महिने रोज संध्याकाळी मी कान देऊन जे ऐकलं होतं, त्याखाली तो गाडला गेला होता. मी बाबांकडे पाहिलं, आणि त्यांचीही तीच गत होती हे मला दिसलं.

"मलाही नाही येत," मी म्हणाले.

मागच्या दाराची कडी वाजली. सासूबाई अंगणात आल्या. गाडी घरात आल्यापासून त्या कधी तिच्याजवळ आल्या नव्हत्या. आता त्या बाबांच्या बाजूच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत.

"दार लावून कशासाठी बसत होते मी आत?" त्या म्हणाल्या. "तो घरी यायची वेळ असायची. डोळे मिटून बसलं की यायचा ऐकू. तेवढ्यात तुमची ही मेली गाडी यायची आणि तिच्या घरघरीत मला काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. किती दिवस मी कानांत बोटं घालून त्याला धरून ठेवलाय."

बाबा खिडकीची काच धरून बसले होते. "कसा होता गं?" ते म्हणाले.

सासूबाईंनी घसा साफ केला. आणि जरा नाकात, शेवट वर उचलत, भूक लागलेली असताना तो ओढायचा तस्साच शब्द ओढून त्या म्हणाल्या, "आऽई, आहेस का गं?"

तो होता. त्या दुबळ्या बाईच्या तोंडून तो आमच्या अंगणात उभा राहून बोलला. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली असती, मी तोंडावर हात दाबून धरला. बाबांचा चेहरा वेडावाकडा झाला. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले. "सावकाश म्हण."

सासूबाई खिडकीत वाकल्या आणि त्यांनी पुन्हा म्हटलं.